पाणबुडी दल आणि आधुनिक सागरी रणनीती : मुंबईतील पाणबुडीबांधणीच्या संदर्भात

प्रस्तावना

भारताचा सुमारे ९५ टक्के परकीय व्यापार आकारमानाने समुद्रमार्गे चालतो. बुलढाण्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात शेतीला लागणारे डिझेलही बहुतांशी जहाजांतून आलेल्या कच्च्या तेलापासून तयार होते. त्यामुळे सागरी सुरक्षा हा केवळ किनारपट्टीचा प्रश्न राहत नाही. या सुरक्षेत पाणबुडी दलाचे स्थान कोणते आणि त्या दलाचे सामर्थ्य कशावर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सागरी नियंत्रण आणि सागरी निषेध

आधुनिक सागरी रणनीतीत दोन संकल्पना मूलभूत मानल्या जातात. समुद्राचा विशिष्ट भाग स्वतःला निर्वेधपणे वापरता यावा व शत्रूला वापरता येऊ नये, अशी स्थिती निर्माण करणे म्हणजे सागरी नियंत्रण. स्वतःला तो भाग पूर्णपणे वापरता आला नाही तरी शत्रूलाही तो वापरू न देणे म्हणजे सागरी निषेध. पहिल्यासाठी विमानवाहू नौका, विनाशिका व विमाने यांचा मोठा ताफा लागतो. दुसऱ्यासाठी पाणबुडी हे सर्वांत प्रभावी साधन होय.

दुर्बल पक्षाने प्रबळ आरमारास समुद्राचा निर्वेध वापर करू न देण्याची कल्पना महाराष्ट्राच्या इतिहासास अपरिचित नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या मुखाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला. इंग्रज व सिद्दी यांच्या मोठ्या जहाजांनी वेढा दिला असतानाही मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना 'खांदेरी' हे नाव देण्यात आले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९७१ चा अनुभव

भारताच्या पाणबुडी दलाचा प्रारंभ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत बनावटीची 'कलवरी' नौदलात दाखल झाल्याने झाला. त्यानंतर चारच वर्षांनी या शस्त्राचे सामर्थ्य भारतास प्रतिकूल रीतीने अनुभवावे लागले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. पुढील काही दिवस विमाने व जहाजे शोध घेत राहिली, परंतु हंगोर हाती लागली नाही. पाणबुडी एका प्रहाराने जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक शक्ती शत्रूला तिच्या शोधात खर्च करावी लागते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धातही हेच दिसून आले. ब्रिटनच्या 'काँकरर' या अणुपाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर बुडविल्यानंतर अर्जेंटिनाच्या प्रमुख युद्धनौका युद्ध संपेपर्यंत खोल समुद्रापासून दूरच राहिल्या.

माझगाव डॉक : कौशल्याचा खंड

पाणबुडी विकत घेता येते, परंतु ती बांधण्याचे कौशल्य दीर्घ सरावानेच येते. खोल पाण्यात कवचावर प्रचंड दाब येत असल्याने त्याच्या प्रत्येक वेल्डिंगची कठोर तपासणी होते. हे काम करणारे कारागीर व अभियंते घडण्यास अनेक वर्षे लागतात.

डिसेंबर १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्यांपैकी दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधावयाच्या होत्या. त्यानुसार 'शाल्की' १९९२ मध्ये व 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी होय. तथापि १९८७ मध्ये या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार सोडून देण्यात आला. परिणामी शंकुलनंतर माझगाव डॉकमधील बांधणी थांबली, प्रशिक्षित मनुष्यबळ पांगले आणि कष्टाने मिळविलेले कौशल्य मोठ्या प्रमाणात लोपले.

१९९९ मध्ये शासनाने ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली. मात्र फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या सहा पाणबुड्यांचा करार होण्यास ऑक्टोबर २००५ उजाडले. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळणे अपेक्षित असताना नवी 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. त्यानंतर खांदेरी (२०१९), करंज व वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि वाघशीर (जानेवारी २०२५) अशी मालिका पूर्ण झाली. खंडानंतरची पहिली पाणबुडी बांधण्यास लागलेला विलंब ही तुटलेल्या परंपरेचीही किंमत होती.

तंत्रज्ञान आणि प्रादेशिक समतोल

डिझेल-विद्युत पाणबुडीस बॅटरी भारित करण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन नळीवाटे हवा घ्यावी लागते. हाच तिचा सर्वांत असुरक्षित क्षण असतो. बाहेरील हवेविना ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बसविल्यास ती अनेक दिवस पाण्याखाली राहू शकते. इंधनघटावर आधारित अशी यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली. ती पाणबुडीत बसविण्यायोग्य विभाग बांधण्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. दुसरीकडे, पाकिस्तानने २०१५ मध्ये चीनकडून आठ पाणबुड्या घेण्याचे ठरविले आणि त्या वर्गास 'हंगोर' हेच नाव दिले.

निष्कर्ष

पाणबुडी दलाचे सामर्थ्य नौकांच्या संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. तथापि संख्या ही एका दशकाची नोंद असते, तर बांधणीचे कौशल्य हे पुढील अनेक दशकांचे भांडवल असते. १९९४ ते २००५ या काळात बंद राहिलेल्या बांधणीने हे स्पष्ट केले. गैरव्यवहाराची चौकशी आवश्यकच असते, परंतु तिच्यासोबत उत्पादनही थांबले तर त्याची भरपाई पुढील पिढीस करावी लागते. वाघशीरनंतरच्या पाणबुड्यांचे निर्णय वेळेवर होणे, हा म्हणूनच आर्थिक तरतुदीइतकाच सामरिक महत्त्वाचा विषय ठरतो.