हाताने ऐकलेला आवाज

काकतीच्या भजनात वर्षानुवर्षं पखवाज वाजवणारा आमचा आज्जा गेली दोन वर्षं देवळात जात नव्हता. कान मंद झाले, ठेका चुकायला लागला. "दुसऱ्यांचं भजन कशाला बिघडवू?" एवढंच म्हणायचा. कानाचं मशीन आणलं, पण टाळांच्या गजरात ते त्याला नकोसं होई.

सुट्टीत बंगळूरला ताईकडे जाताना मी त्यालाही ओढून नेलं. काकतीच्या लेकीचं नाव असलेली राणी चन्नम्मा एक्सप्रेस बेळगावला पकडली. ताईने आम्हाला जे. पी. नगरमधलं 'इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स' दाखवलं. २०१९ मध्ये सुरू झालेलं हे संगीताचं संग्रहालय. आत उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आहे, जुन्या रेकॉर्ड्सची गोष्ट आहे. पण बरंचसं हेडफोन लावून ऐकायचं. आज्जा मागेच रेंगाळला.

बाहेरच्या 'साउंड गार्डन'मध्ये मात्र सगळं हात लावून वाजवायचं. तिथे चिरा पाडलेला एक दगड आहे. ओले तळहात त्यावर घासले की तो घुमतो.

"आज्जा, हात लाव."

त्याने घासलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा दगड थरथरला, तसा तो थबकला.

"अगं, बोलतोय की हा!"

आवाज म्हणजे शेवटी कंपन. ते हवेतून कानाच्या पडद्यावर येतं, तसंच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचतं. आणि हाताला तर थेट कळतं. शाळेत हे मी पाठ केलं होतं, समजलं त्या दिवशी.

आमची गाडी पुढे मिरजेकडे जाते. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महिन्याभराने आम्ही तिथेही गेलो. कारागिराने तार छेडली. आज्जाने भोपळ्यावर तळहात ठेवला आणि तार थांबेपर्यंत उचलला नाही.

पुढच्या एकादशीला तो देवळात गेला, नव्या पखवाजवाल्याच्या शेजारी गुडघा पखवाजाला टेकवून बसला. वाजवलं नाही.

त्यानंतरच्या एकादशीला मात्र दुपारीच स्वयंपाकघरात आला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणीक लागते.

"सूनबाई," आईला म्हणाला, "थोडी कणीक भिजवून ठेव गं."