डल्सिमर शिकणारे एवढ्या लवकर वाजवायला कसे लागतात? विषय पडद्यांचा आहे

रील्समध्ये कधीतरी दिसलं असेल. मांडीवर आडवं ठेवलेलं लांबट लाकडी वाद्य, तीन-चार तारा, आणि खाली 'आठवड्यात शिकलो' छापाच्या कमेंट. थापा वाटतात, पण यात बरंच तथ्य आहे.

आधी नावाचा घोळ. डल्सिमर नावाची दोन वाद्यं आहेत. एक 'हॅमर्ड', म्हणजे लाकडी काड्यांनी वाजवायचं. ते आपल्या संतूरचं भावंड, आणि तारा लावतानाच दमछाक करणारं. दुसरं 'माउंटन डल्सिमर', अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया डोंगररांगांतलं. रीलमधलं हे दुसरं. नुसतं 'डल्सिमर' सर्च करून पहिल्याचे धडे बघत बसलात, तर वेळ फुकट जाणार.

आता सोपेपणाचं कारण. याला पडदे आहेत ते फक्त सात सुरांचे. हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्या काढून टाकल्यावर जे होईल, तेच. त्यात सगळ्यात जास्त चालणारी जुळणी 'डी-ए-डी', आपल्या भाषेत सा-प-सा. बोट एकाच तारेवर फिरवायचं, बाकीच्या तारा तानपुऱ्यासारख्या मागे वाजत राहतात. बोट चुकलं तरी कानाला फारसं टोचत नाही.

गंमत म्हणजे या जुळणीत जुन्या डल्सिमरवर कोमल निषादच मिळायचा, म्हणजे थेट खमाज थाट. शुद्ध निषादासाठी सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा आला. त्याला आजही 'साडेसहावा' म्हणतात!

स्वरलिपीही शिकावी लागत नाही. कागदावर पडद्यांचे आकडे असतात, ते बघून वाजवायचं. बहुतेकांची जुळणी एकच असल्यामुळे एकाचा कागद दुसऱ्याला चालतो. अमेरिकेत गावोगावी असलेले डल्सिमर क्लब यावरच चालतात: गोल करून बसायचं, नवख्यांसाठी लय कमी ठेवायची. उन्हाळ्यात आठवडाभराची शिबिरं होतात, केंटकीतल्या बार्ड्सटाउनचं 'केंटकी म्युझिक वीक' त्यातलं एक. घरबसल्या शिकायचं तर बिंग फुच यांची 'डल्सिमेरिका' ही व्हिडिओ मालिका आहे. पैसे कमी असतील तर खोका पुठ्ठ्याचा आणि पट्टी लाकडाची असलेली डल्सिमरही मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं सहज जमेल. भारतात मात्र वाद्य दुकानात सापडणं कठीण.

हे वाद्य डोंगराबाहेर आणलं ते प्रामुख्याने जीन रिची यांनी. जन्म 1922, गाव केंटकीतलं व्हायपर, चौदा भावंडांत धाकट्या. वडिलांनी डल्सिमरला हात लावायला बंदी केली होती, पोरीने गुपचूप वाजवलंच. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या, गाऊ लागल्या आणि 1963 मध्ये त्यांचं 'द डल्सिमर बुक' आलं. 1971 मध्ये जोनी मिचेलने 'ब्लू' अल्बममध्ये डल्सिमर वाजवलं आणि तरुण पोरांनाही त्याचा नाद लागला.

व्हायपरच्या शेजारच्या परगण्यात हिंडमन नावाचं छोटं गाव आहे. डल्सिमर बनवण्याची तिथली परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. पूर्व केंटकीला गेल्या काही दशकांत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने पोखरलं. हिंडमनमध्ये त्यातून बाहेर पडणाऱ्यांना वाद्यं बनवायला शिकवतात, आणि 'ट्रबलसम क्रीक' नावाच्या कारखान्यात त्यांना पगारी कामही मिळतं. तिथे गिटार, मँडोलिन आणि डल्सिमर बनतात. जुलै 2022 च्या पुरात ज्या ओढ्यावरून कारखान्याचं नाव पडलं, त्याच ओढ्याचं पाणी आत शिरलं. यंत्रं, लाकूड, तयार वाद्यं भिजली. चिखल उपसून लोक पुन्हा कामाला लागले.