तुमच्या घराला पायऱ्या किती?

शाळेची सहल म्हटली की आपल्याला काय आठवतं? एसटीची लाल गाडी, दशम्या आणि चटणीचा डबा, एखादा किल्ला किंवा लेणी, आणि परत आल्यावर लिहायचा निबंध! अमेरिकेतल्या शाळांच्याही सहली निघतात, फक्त तिथे मुलांवर लक्ष ठेवायला दोन-चार पालकांनाही बरोबर नेतात. माझ्या लेकीच्या आठवीच्या वर्गाबरोबर मला असंच जायला मिळालं. शहर सॅन फ्रान्सिस्को, प्रशांत महासागराच्या काठावरचं मोठं बंदर. आणि सहलीचा विषय होता, चीन आणि जपानहून इथे आलेल्या लोकांचा वारसा.

मनात म्हटलं, चला, लाल कंदील आणि ड्रॅगन बघू, नूडल्स खाऊ आणि येऊ परत. चायनाटाऊनमध्ये कंदील होते, नूडल्सही होत्या. पण वर्गाच्या बाईंनी मुलांना आधी विचारलं, ‘‘या इमारतींची छपरं देवळासारखी का आहेत?’’ १९०६ च्या एप्रिलमध्ये इथे मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि अख्खं चायनाटाऊन जळून गेलं. जागा मोक्याची. चिनी वस्तीला शहराच्या टोकाला हलवायचा घाट घातला गेला. तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकन वास्तुविशारदांकडूनच मुद्दाम अशा पॅगोडा-छपरांच्या इमारती बांधून घेतल्या. बघायला गर्दी झाली, शहराला पैसा मिळाला, की कोण कशाला उठवेल? ती नुसती हौस नव्हती, जागा राखायची युक्ती होती.

मग बाईंनी मेरी टेप या आईची गोष्ट सांगितली. मेरी १८६८ मध्ये शांघायहून अकरा वर्षांची असताना इथे आली. इंग्रजी शिकली, चित्रं काढायची, फोटोग्राफी करायची. तिची मुलगी मॅमी आठ वर्षांची झाली तेव्हा, १८८४ मध्ये, मेरीने तिला घराजवळच्या शाळेत घालायचं ठरवलं. मुख्याध्यापिकेने दारातूनच परत पाठवलं. कारण? मुलगी चिनी. टेप पतिपत्नी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले आणि १८८५ मध्ये जिंकले! पण शाळेत प्रवेश मिळायच्या आत राज्याने कायदाच बदलला आणि चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढायची मुभा दिली. मेरीने शिक्षण मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापूनही आलं. चिनी म्हणून जन्माला येणं हा काय गुन्हा झाला का, असा त्या पत्राचा सूर होता. शेवटी मॅमी आणि तिचा भाऊ त्या वेगळ्या शाळेतच गेले. कायद्याने जिंकून हातात काय आलं, असा प्रश्न वर्गातल्या एका मुलाने विचारला. बाई म्हणाल्या, ‘‘निकाल आला, आणि तिचं पत्र उरलं. म्हणून तर आज आपण तिच्याबद्दल बोलतोय.’’

मुळात चिनी बायका तेव्हा इथे फार थोड्या. १८७५ च्या एका कायद्याने त्यांना येणं जवळजवळ बंद केलं होतं आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांनाही दार बंद झालं. ते कायद्याने उघडायला १९४३ साल उजाडलं. मधल्या काळात व्यापारी, अमेरिकन नागरिकांची मुलं अशा मोजक्यांनाच वाट होती. १९०६ च्या आगीत जन्माच्या नोंदीही जळाल्या. मग अनेक जण ‘मी अमुक नागरिकाचा मुलगा’ असं कागदोपत्री दाखवून येऊ लागले. खरं-खोटं ओळखायला अधिकारी उलटतपासणी घेत. ती जागा म्हणजे खाडीतलं एंजल आयलंड. १९१० ते १९४० या काळात ते ठाणं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीने आम्ही त्या बेटावर गेलो. बराकीत शिरलं की मुलं आपोआप गप्प होतात. प्रश्न काय विचारायचे माहितीये? घराला पायऱ्या किती? तांदळाचा डबा कुठे ठेवता? तुमच्या रांगेत तिसऱ्या घरात कोण राहतं? तुमचं उत्तर आणि नातेवाइकाचं उत्तर जुळलं नाही, तर परतीची बोट! निकाल लागेपर्यंत कुणी आठवडे, कुणी महिने तिथे अडकून पडायचं.

बराकीच्या लाकडी भिंतींवर पुरुषांनी चिनी लिपीत कविता कोरल्यात. दोनशेहून जास्त सापडल्या आहेत. १९७० मध्ये ही पडकी इमारत पाडायच्या बेतात होती, तेव्हा अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाचं तिकडे लक्ष गेलं. त्याने आवाज उठवला, लोक जमले, भिंती वाचल्या. आणि बायकांच्या कविता? बायकांना ठेवायचे कचेरीच्या इमारतीत. ती १९४० मध्ये जळाली. त्यांनी भिंतीवर काही लिहिलं असेल, तर ते भिंतींबरोबरच गेलं.

परतीच्या वाटेवर जपानटाऊनमध्ये सटर स्ट्रीटवरचं एक घर दाखवलं. जपानहून आलेल्यांना तेव्हा नागरिकत्व मिळत नसे आणि कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीनही घेता येत नसे. तरी इथल्या जपानी बायकांनी वर्गणी जमवली आणि शहरातल्या वायडब्ल्यूसीए या महिला संस्थेच्या नावावर जागा घेतली. १९३२ मध्ये वास्तू उभी राहिली. आराखडा ज्युलिया मॉर्गनचा, कॅलिफोर्नियात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. दहा वर्षांत महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडून छावण्यांत जावं लागलं. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. पुढे १९९० च्या दशकात ही वास्तू विकायचं निघालं. समाजातल्या लोकांनी ठणकावलं, ‘पैसा आमच्या आज्यांचा आहे!’ प्रकरण कोर्टात गेलं. २००२ मध्ये समझोता होऊन घर ‘निहोनमाची लिटल फ्रेंड्स’ या बालवाडी चालवणाऱ्या संस्थेकडे आलं.

बाईंनी निबंध लिहायला सांगितला नाही. बेटावरचे प्रश्नच गृहपाठ म्हणून दिले. आपल्या आजीच्या घराबद्दल, आजीला विचारून लिहायचे. लेकीने कराडला फोन लावला. पायऱ्या किती? आजी लगेच म्हणाली, ‘‘सात. पण खालची मोजू नकोस, ती नंतर बसवली.’’ तांदूळ? ‘‘माजघरातल्या कोठीत, वर सुपलीने झाकलेले.’’ तिसऱ्या घरात कोण, हे सांगताना तर अर्धा तास गेला. लग्न होऊन सोळाव्या वर्षी त्या घरात आल्याचं, पहिल्या दिवशी त्याच पायरीवर अडखळल्याचं तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या सासूला, आईला, आत्याला ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही म्हणून कुठे लिहिलं जात नाही. या सुट्टीत नातवंडं घरी येतील. त्यांच्या हातात एक वही द्या आणि पायऱ्यांपासून सुरुवात करा.