येरमाळ्याचं ऊन आणि गोरेपणाची ट्यूब

येरमाळ्यात चैत्र पौर्णिमेच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचताना डोक्यावर पदर असतो, तोंड मात्र भाजून निघतं. त्वचेची निगा तिथूनच सुरू होते: एसपीएफ ३० चं सनस्क्रीन निघण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. बस्स. सात बाटल्यांची गरज दुकानदाराला असते! गोरं करणाऱ्या ट्यूबवर मात्र बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं शोधा. ही स्टिरॉइडं, आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल, पुरळांनी भरलेली. अशी ट्यूब महिनोन्महिने लावत असाल, तर एकदम न थांबवता आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.