भिंतीवरची सुगी : वारली चित्रकला

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड आदी तालुक्यांतील आदिवासी पाड्यांचे रूप पालटते. भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते, आभाळ निवळलेले असते. या भागात डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे ते तिरपे ऊन वळचणीखालून दक्षिणेकडील ओटीवर आणि भिंतीवर येते. पावसाने धुपलेल्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवण्यास हाच काळ सोयीचा. सुगीनंतर घरात धान्य आलेले असते आणि लग्नकार्ये ठरू लागतात. वारली चित्रकलेचे मूळ या ऋतुचक्रात आहे.

लग्नाचा चौक

आज ही चित्रे कापडावर, भेटकार्डांवर आणि कार्यालयांच्या भिंतींवर दिसतात. परंतु मुळात ती शोभेसाठी काढली जात नसत. लग्नघरी सवाशिणी एकत्र येऊन गेरूने रंगविलेल्या भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. ती वनस्पतींची व सुफलतेची देवता होय. तिच्या भोवती झाडे, पशुपक्षी व माणसे येतात. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि विधी पार पाडते. एका हाताने सुरू केलेली रेघ दुसरा हात पुढे नेतो. म्हणून चित्राखाली कोणा एकीचे नाव नसते. चौक संपूर्ण समाजाचा असतो.

साधनेही परिसरातीलच असतात. तांदळाच्या पिठात पाणी व डिंक मिसळून पांढरा रंग करतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार होतो. ज्या भाताने घर भरले, त्याच भाताच्या पिठाने घराची भिंत उजळते. कुडाच्या घरात उजेड बेताचाच असतो. अशा मंद प्रकाशातही गडद भिंतीवरील पांढरी रेघ स्पष्ट दिसते. या कलेला दुसऱ्या रंगाची गरज भासली नाही, याचे एक कारण येथे सापडते.

आकारांची भाषा

वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्याच आकारांवर ही चित्रसृष्टी उभी आहे. वर्तुळात सूर्य-चंद्र आणि त्रिकोणात डोंगर व झाडांचे शेंडे पाहिले जातात. चौकोन ही माणसाने आखलेली पवित्र जागा मानली जाते. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणसाचे धड होते. वाळलेल्या दुधी भोपळ्यापासून व बांबूपासून केलेला तारपा वाजविणारा मधोमध आणि हातात हात गुंफलेल्या नर्तकांचे वेटोळे त्याच्या भोवती, हे दृश्य सर्वपरिचित आहे. सुगीच्या रात्रींचे ते चित्रण होय.

भिंतीवरून कागदावर

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या पाड्यांवर कागद व रंग नेले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीच्या चौकटीबाहेर येऊन रोजचे जीवन चितारले. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. अनेक कुटुंबांना यातून उपजीविका मिळाली, ही समाधानाची बाब आहे.

मात्र या स्थित्यंतराची दुसरी बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. चौक स्त्रियांचा होता. बाजारात मात्र पुरुषांची नावे पुढे आली. छापील नकला स्वस्तात मिळू लागल्या. कुडाची जागा पक्क्या भिंतींनी घेतली. पक्के घर ही निकडीची गरज आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु सारवलेल्या भिंतीबरोबर चौक लिहिण्याचा प्रसंग आणि तो शिकण्याची संधीही जाऊ नये.

काय करता येईल?

या कलेला भौगोलिक संकेताची नोंदणी लाभलेली आहे. तथापि केवळ नोंदणीने कला टिकत नाही. ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी वा सभागृह रंगविताना ते काम त्याच परिसरातील वारली कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, योग्य मोबदला देऊन सोपवावे. शिक्षकांनी आकृत्या गिरवून घेण्याऐवजी पाड्यावरील जाणत्या आजींना सुगीनंतर वर्गात बोलवावे आणि चित्रातील झाड कोणते, हे मुलांना शिवारात नेऊन दाखवावे. पालघाटाचा चौक हा विधीचा भाग आहे; तो शोभेसाठी काढण्यापूर्वी समाजातील वडीलधाऱ्यांना विचारावे. अधिकाऱ्यांनी खरेदी करताना वस्तू कोणाच्या हातची आहे, याची खात्री करून घ्यावी.

चौक दरवेळी नव्याने लिहावा लागतो. म्हणूनच तो जपण्याचा मार्ग तो लिहिणारे हात जपण्यातून जातो. हे हात आपल्या गावात आहेत, तोवरच त्यांची विचारपूस व्हावयास हवी.