चार भिंतींबाहेरचे घर

घर घेताना माणूस नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, एखादी गॅलरी. आणखी काय असावयाचे? परंतु शिरूर आणि दौंड या आपल्या दोन्ही गावांत, मध्यवस्तीत काय किंवा हमरस्त्याच्या कडेला काय, सदनिकांच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांत राहणाऱ्याला हे उत्तर पुरत नाही. त्याने ज्यासाठी पैसे मोजले त्यातला मोठा भाग त्याच्या दाराबाहेर आहे. तो भाग कोणता, त्यावर आपला हक्क कोणत्या प्रकारचा आणि तो राखावयाचा कसा, एवढ्याच गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे.

एका आवारात अनेकांनी राहणे आपल्या गावांना नवीन नाही. जुन्या वाड्यात चौक, आड आणि जिना सर्वांचा असे. पण त्यांची देखभाल कोणी करावयाची याविषयी शंका नसे. मालक करी, किंवा मालकाने केली नाही म्हणून भाडेकरू कुरकुर करीत. पुढे वारस वाढले, भाडी मात्र भाडेनियंत्रणाने जागच्या जागी राहिली, आणि दुरुस्तीला कोणाचाच हात पुढे येईना. अनेक वाडे जाऊन त्या जागी इमारती येण्याचे हे एक कारण. दौंडचा प्रकार थोडा निराळा. ते रेल्वेचे जंक्शन. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन गटांचे ठाणे. तेथील कित्येक कुटुंबांचे आयुष्य सरकारी चाळीत आणि क्वार्टरमध्ये गेले. नळ गळला तर अर्ज द्यावयाचा, छप्पर गळले तर दुसरा अर्ज. अशा गृहस्थाने निवृत्तीनंतर सदनिका घेतली, म्हणजे अर्ज कोणाकडे करावयाचा हेच त्याला कळेनासे होते. कारण आता मालक तोच असतो. आणि एकटा तोच नसतो.

या नव्या घरांपैकी एका प्रकाराची हल्ली शहरांत बरीच चर्चा ऐकू येते. त्याला लॉफ्ट म्हणतात. उंच छत, मोठ्या खिडक्या, आतल्या आत एक माळा आणि वर जाण्यास लहानसा जिना. आपल्या पोटमाळ्याचा हा श्रीमंत भाऊ. त्याचा जन्म मात्र गरिबीतला आहे. न्यूयॉर्क शहरात सोहो नावाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखाने आणि गुदामे हळूहळू उठून गेली. रिकाम्या पडलेल्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार स्वस्तात राहू लागले. हे राहणे नियमात बसत नव्हते. १९७१ साली शहराने तेथे कलावंतांना राहण्यास परवानगी दिली, आणि १९८२ साली राज्याने कायदा करून अशा गुदामघरांतील रहिवाशांना संरक्षण दिले. परंतु त्याबरोबरच इमारती आगीच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने राहण्याजोग्या करण्याची सक्ती केली. म्हणजे खोली कितीही ऐसपैस असली, तरी तिचे घर झाले ते जिना आणि सुटकेची वाट यांचा बंदोबस्त झाल्यावर.

आपल्या हवेत अशा घराचा हिशेब काय होईल? १४ फूट उंचीच्या खोलीत मध्ये अर्धा फूट जाडीचा माळा घातला, तर वर आणि खाली प्रत्येकी पावणेसात फूट उरतात. गरम हवा वर चढते. म्हणून खाली बसणाऱ्याला बरे वाटते, पण वैशाखात माळ्यावर निजणाऱ्याची तगमग होते. शिवाय मंजूर नकाशात नसलेला माळा मागाहून घातला, तर ते अनधिकृत बांधकाम ठरते आणि त्याचा भार संपूर्ण इमारतीच्या सांगाड्यावर पडतो. घर आपले म्हणून त्यात वाटेल ते करण्याची मुभा नाही. कारण सांगाडा सर्वांचा आहे.

येथेच मुख्य मुद्दा येतो. अशा घरांना परदेशात ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात. शब्द लॅटिन; त्याचा अर्थ सहस्वामित्व. आपल्या राज्यात हे सहस्वामित्व मुख्यतः दोन रीतींनी चालते. पहिली रीत सहकारी गृहनिर्माण संस्थेची. तिचे मूळ मुंबईत गावदेवीला आहे. १९१५ साली तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली आणि रावबहादूर तळमकी यांनी या चळवळीला आकार दिला. आज अशा संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदल्या जातात. या रीतीत जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते. सभासदाला भाग दाखला आणि आपल्या सदनिकेत राहण्याचा हक्क मिळतो. दुसरी रीत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. तिच्यात प्रत्येकजण आपल्या सदनिकेचा थेट मालक असतो, आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांनी लिहिलेला असतो आणि तो सदनिकेपासून तोडून विकता येत नाही. सामाईक खर्चही त्याच टक्क्यांनी पडतो. उलट, संस्थेत जिन्यातला दिवा, पहारा, झाडलोट यांचा सेवाखर्च लहानमोठ्या सर्व सदनिकांना सारखा बसतो. आपली इमारत कोणत्या रीतीची, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे शेजाऱ्याशी भांडण व्हावयास वेळ लागत नाही.

यातही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जमीन. सदनिकेचा करार नोंदला, किल्ली हाती आली, म्हणजे सारे झाले अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः संस्था झाल्यावर इमारतीखालची जमीन बांधणाऱ्याकडून किंवा मूळ मालकाकडून संस्थेच्या नावे व्हावी लागते. याला अभिहस्तांतरण म्हणतात. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात निराळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत ते करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे. तरीही ते वर्षानुवर्षे राहून जाते. ते न झाल्याची बोच पहिली वीस वर्षे जाणवत नाही. पण इमारत जुनी होते, पाडून नवी बांधावी असा विचार निघतो, आणि तेव्हा कळते की सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नावच नाही. जुना मालक वारला आहे आणि वारस दहा ठिकाणी पांगले आहेत. वाड्याची जी गत झाली तीच पुन्हा! यावर उपाय आहे. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बांधणारा टाळाटाळ करीत असेल, तर संस्थेने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा; सुनावणी होऊन त्याच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे होऊ शकते.

दुसरी गोष्ट पैशाची. संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाकावा लागतो. समजा, एका सदनिकेचा बांधकामखर्च १५ लाख रुपये आहे. दोन्ही मिळून एक टक्का, म्हणजे वर्षाचे १५,००० आणि महिन्याचे १,२५० रुपये झाले. अशा २० सदनिका असतील तर वर्षाला ३ लाख रुपये जमतात. ‘इमारत तर नवी आहे, आत्ताच कशाला?’ असे म्हणून ही रक्कम माफ करणारी सभा त्या दिवशी लोकप्रिय होते. पंधरा वर्षांनी गच्ची गळू लागते, सळया गंजून सिमेंट फुगते, आणि एकरकमी वर्गणी मागितली की निवृत्त माणसाच्या तोंडचे पाणी पळते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी करावी, असेही उपविधी सांगतात.

आपल्या भागाची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. घोडनदी आणि भीमा जवळ असल्या तरी आपला मुलूख पर्जन्यछायेचा. उन्हाळ्यात विंधनविहीर आटते आणि टँकर येतो. तेव्हा टाकी किती मोठी, पाणी किती वेळ सोडावयाचे, हे प्रश्न वादाचे होतात. ते चैत्रात जिन्यात उभे राहून सोडविण्यापेक्षा आधी सभेत ठरलेले बरे. दुसरे वैशिष्ट्य भाडेकरूंचे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे बाहेरगावची मंडळी येतात. मालक दुसरीकडे राहतो आणि सदनिका भाड्याने देतो. त्यास हरकत नाही. संस्थेला अशा मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येते. पण ते सेवाखर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. भाडेकरू मुलांना आवारात खेळू न देणे, हा मात्र कोणत्याही उपविधीत बसणारा शहाणपणा नव्हे.

नव्याने घर घेणाऱ्याने काय पाहावे? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प विकण्यापूर्वी महारेराकडे नोंदलेला असावा लागतो. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावाचून घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बांधणाऱ्याने स्वखर्चाने दूर करावयाचा असतो. जमिनीचा उतारा, मंजूर नकाशा, चटई क्षेत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र ही चार कागदे पाहिल्याखेरीज नळ आणि फरशा पाहू नयेत.

कायदा इतके करतो. पुढचे काम रहिवाशांचे. संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, व्हावी लागते. त्या सभेस किती जण जातात? हिशेब कोण वाचतो? वाड्याला मालक होता, क्वार्टरला सरकार होते. सदनिकेला फक्त सभा आहे. ज्या संध्याकाळी ती सभा भरेल, त्या संध्याकाळी दार लावून घरात न बसता खाली उतरावे. आपल्या घराचा मोठा भाग तेथेच आहे.