गाडीच्या तारांमागचा दस्तऐवज

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००८मध्ये, याच कंपनीच्या जर्मनीतल्या संशोधन विभागात घडलेला सॉकेटकॅन हा कॅन हार्डवेअर चालवणाऱ्या ड्रायव्हर-प्रोग्रॅमांचा संच लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीत दाखल झाला. कोडबरोबर त्याचा सविस्तर दस्तऐवजही आला. भोसरीपासून चाकणपर्यंत गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या पट्ट्यात बसून ड्रायव्हरच्या लिखाणाकडे पाहायचं, तर मी याच दस्तऐवजापासून सुरुवात करीन.

कॅन म्हणजे गाडीतली संदेशांची वाहिनी. बॉशने ती १९८६ साली जगापुढे मांडली. इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड यांचे कंट्रोलर दोन तारांवर एकमेकांशी बोलतात. संदेशावर पत्ता नसतो, फक्त क्रमांक असतो. दोघे एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो. सॉकेटकॅनआधी बहुतेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला वाहिनी वापरू देत, आणि कार्ड बदललं की प्रोग्रॅमही बदलावा लागे. दस्तऐवजात हे सुरुवातीलाच, कारणांसह लिहिलं आहे. कसं वापरायचं याच्याआधी असं का केलं हे सांगणारं तांत्रिक लिखाण विरळाच. मला त्याचं मोल फार वाटतं.

चांगल्या लिखाणालाही परीक्षण लागतंच. सॉकेटकॅनच्या फ्रेममध्ये, म्हणजे एका संदेशाच्या साच्यात, ‘कॅन_डीएलसी’ नावाचा एक रकाना होता. मानकानुसार डीएलसी हा लांबीचा संकेतांक, ० ते १५. जुन्या कॅनमध्ये ९ ते १५ या सगळ्यांचा अर्थ आठच बाइट. कॅन एफडी या नव्या प्रकारात मात्र ९ म्हणजे १२ बाइट आणि १५ म्हणजे ६४. या रकान्यात संकेतांक नव्हे, प्रत्यक्ष बाइटसंख्या अपेक्षित होती. नवा ड्रायव्हर लिहिणारा हार्डवेअरच्या रजिस्टरमधला आकडा जसाच्या तसा तिथे भरेल, हा धोका होताच. ५.११ या आवृत्तीत, २०२१ साली, रकान्याचं नाव ‘लेन’ झालं. आधीचे प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनं नावही चालू ठेवलं.

लिनक्समध्ये फंक्शनच्या डोक्यावरच्या ठरावीक पद्धतीच्या टिप्पण्यांतून दस्तऐवज तयार होतात. एखाद्या पॅरामीटरचं वर्णन राहिलं तर कर्नल-डॉक ही स्क्रिप्ट इशारा देते. वर्णन खरं आहे का, हे तिला कळत नाही. ते कोड शेजारी उघडून माणसानेच तपासायचं: फंक्शन फसलं तर नेमकं काय परत येतं, ते मध्येच झोपू शकतं का, कोणतं लॉक आधी घेतलेलं हवं. भाषा सफाईदार करण्याचं काम त्यानंतरचं.

नेमकेपणाने लिहिलेल्या ओळीचं उदाहरण म्हणून बस-ऑफचंच घ्या. संदेश पाठवण्यातल्या चुकांचा आकडा २५५च्या पुढे गेला की कंट्रोलर स्वतःला वाहिनीपासून तोडून घेतो. लिनक्समध्ये तो आपोआप परत जोडला जावा असं वाटत असेल तर ‘रीस्टार्ट-एमएस’ला शून्याहून मोठी किंमत द्यावी लागते, नाहीतर प्रोग्रॅमने चुकांच्या फ्रेमवर लक्ष ठेवून स्वतः रीस्टार्ट करायचं. चाचणीच्या टेबलावर गप्प झालेल्या युनिटसमोर बसलेल्या इंजिनिअरला नेमकी हीच ओळ हवी असते, आणि ती सॉकेटकॅनच्या दस्तऐवजात आहे. त्याच भागात हेही नोंदवलं आहे की रीस्टार्ट झाला की त्याचीही एक चुकांची फ्रेम तयार होते, म्हणजे लॉगमध्ये ती दिसली तर नवा बिघाड शोधत बसायला नको.